भिंतीकडची खुर्ची

माझ्या भावाचं लग्न पाच देशांनी अडवून ठेवलं, असं आमची आई शेवटपर्यंत सांगायची. पाच देशांना त्याची गंधवार्ताही नव्हती, ती गोष्ट वेगळी. पण तिच्या लेखी प्रकरण सरळ होतं. मलेशिया, सिंगापूर, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी एकमेकांच्या पाठीशी उभं राहायचा करार केलेला. आमचं ब्रुनेई त्या करारात नाही, नुसतं बघायला बोलावलेलं. आणि बघायला जाणारा माणूस म्हणजे आमचा मेतुसिन. टीव्हीवर कुठल्याही साहेबांनी हातात हात मिळवलेले दिसले की बाबू म्हणायची, "घ्यायचं तर घ्या म्हणावं आत, नाहीतर माझा पोरगा मोकळा करा."

आमच्यात आईला बाबू म्हणतात आणि थोरल्या भावाला आबांग.

आबांग माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाप गेला तेव्हा तो शाळेच्या शेवटच्या वर्गात होता. बाप नदीवर होडी चालवायचा, इकडच्या माणसांना तिकडच्या काठावर सोडायचा. आबांगनं होडी विकली नाही आणि चालवलीही नाही. आमची घरं नदीच्या पाण्यात खांबांवर उभी; घराखालच्या खांबाला ती बांधून ठेवली आणि लष्करात नाव घातलं. तिथं त्याला संदेश विभागात टाकलं. कानाला यंत्र लावायचं, एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवायचं. स्वतः मुळात कमी बोलणारा माणूस, दुसऱ्याचं बोलणं मात्र शब्दही न गाळता पोचवायचा. बाबू म्हणायची, "घरातलं बोलायला याच्या तोंडाला कुलूप, आणि सरकारचं बोलायला पगार."

सार्जंट झाल्यावर त्याला पहिल्यांदा त्या सरावाला पाठवलं. दरवर्षी पाच देशांची विमानं आणि जहाजं मलेशियातल्या पेनांगच्या बाजूच्या समुद्रात एकत्र यायची, बटरवर्थच्या तळावर बैठका व्हायच्या. आमच्याकडून एक कॅप्टन आणि त्याच्या हाताखाली आबांग. परत आल्यावर आम्ही विचारलं, काय काय केलंस?

"बसलो," आबांग म्हणाला.

मग हळूहळू त्याच्याकडून काढून घेतलं. मोठं टेबल होतं, त्याभोवती पाच देशांची माणसं. आमच्या खुर्च्या भिंतीकडे, चहाच्या भांड्याजवळ. टेबलावर नकाशे पसरायचे ते भिंतीकडून नीट दिसायचे नाहीत. आणि खरं महत्त्वाचं बोलणं निघालं की एक साहेब उठून फार अदबीनं आमच्या कॅप्टनला सांगायचा, आता थोडा वेळ आमच्या आमच्यात. मग कॅप्टन आणि आबांग उठून बाहेर. कॅप्टन विश्रामगृहात जाऊन झोपायचे. आबांगला दिवसा झोप यायची नाही. तो फाटकाबाहेर पडायचा.

फाटकासमोर एक शिंप्याचं दुकान होतं. सोंगकोक टोप्या, गणवेशावरच्या नावाच्या पट्ट्या, बिल्ले. दुकान पाक दाऊद नावाच्या म्हाताऱ्याचं, पण मशीनवर त्याची मुलगी बसायची, कलसोम. आबांगला दंडावर बांधायला जो पट्टा दिला होता, 'निरीक्षक' असं लिहिलेला, तो इतका ढगळ होता की घसरून कोपरावर यायचा. तो आत घ्यायला म्हणून आबांग दुकानात शिरला.

तिनं पट्टा उलटसुलट करून बघितला. "म्हणजे तुम्ही काय करता?"

"बघतो."

"कोणाला?"

"ते पाच जण काय करतात ते."

"आणि मग?"

"मग घरी जाऊन सांगतो."

"आमच्या गल्लीत अशा दोन म्हाताऱ्या आहेत," कलसोम म्हणाली. "त्यांना अजून कोणी पट्टा नाही दिला."

हे आबांगनं आम्हाला सांगितलं तेव्हा तो हसत होता. माझा भाऊ हसत असताना त्याचे मोठे कान मागे जातात. बाबूनं माझ्याकडे बघितलं, मी बाबूकडे.

दुसऱ्या वर्षी तो आपण होऊन जायला तयार झाला. त्या वर्षी एक गंमत झाली, जी तो पुढं कित्येकदा सांगायचा, आणि एरवी काही न सांगणारा माणूस म्हणून आम्हीही ती पुन्हा पुन्हा ऐकायचो. सरावातल्या एका जहाजावर निरीक्षकांना नेलं होतं. पिवळ्या दोरीच्या मागं उभं राहायचं असा नियम. डोक्यावरून विमानं चाललेली, सगळे गडबडीत. संदेशाच्या खोलीतला एक माणूस उलट्या होऊन आडवा झाला, तसा न्यूझीलंडचा एक लाल भुवयांचा तरुण अधिकारी बाहेर आला, आबांगच्या छातीवरचा संदेश विभागाचा बिल्ला बघितला आणि त्याला आत ओढून कानाला यंत्र लावून मोकळा झाला. आबांग बसला. इंग्रजांचं सिंगापूरवाल्यांना, सिंगापूरवाल्यांचं मलेशियाला, तो पोचवत राहिला. कोणी विचारलं नाही तू कोण. मग कोणाचं तरी लक्ष त्याच्या दंडाकडं गेलं. लाल भुवयांचा पोरगा कानापर्यंत लाल झाला, दहादा माफी मागितली, आणि आबांग परत दोरीच्या मागं.

"चूक झाली त्यांची," आबांग म्हणायचा, "पण आवाज असा स्वच्छ येत होता ना, मस्ना. पाचही देशांचा."

कलसोमला हे सांगितल्यावर ती म्हणाली होती, "मग आत शिरताना पट्टा काढून खिशात नव्हता घालायचा? पुढच्या वेळी सैल शिवून देते. झटकला की पडेल."

तिसऱ्या वर्षानंतर आम्ही मागणी घालायला गेलो. बाबू पहिल्यांदा विमानात बसली. मांडीवर कुइह चिंचिनचा डबा, तो तिनं विमानाच्या बाईलाही हात लावू दिला नाही. आत तांदळाच्या पिठाच्या त्या नक्षीदार चकत्या तिनं स्वतः तळल्या होत्या, आणि वाटेत त्यांचा चुरा झाला तर शकुन बिघडेल असं तिनं मनाशी धरलेलं.

पाक दाऊद उंच, वाळलेला माणूस. समोर येईल त्याच्या डोक्याचं माप नजरेनं घ्यायची त्याला सवय होती. तो बाबूशी बोलायचा आणि बघायचा आबांगच्या डोक्याकडं.

"मुलगी एकुलती आहे माझी," तो म्हणाला. "हिची आई गेली तेव्हा हिचे पाय मशीनला पोचत नव्हते."

"माझाही मुलगा एकच आहे," बाबू म्हणाली.

"तुम्हाला मुलगी आहे की."

"ती सासरी. सासरी गेलेली मुलगी म्हणजे पाहुणी, तुम्हाला काय सांगायचं."

मी तिथंच बसले होते, पण माझं मत कोणी विचारलं नाही. कलसोम चहा घेऊन आली. मला वाटलं होतं लाजेल. ती सरळ आबांगसमोर बसली आणि म्हणाली, "तुम्ही सांगा ना ते. नेमणुकीचं."

मग आबांग बोलला. त्याच्या कॅप्टननं सांगितलं होतं की आपला देश या करारात पुरता सामील व्हायचं चाललंय. एकदा झाला की तळावर आपली कायमची कचेरी होणार, तिथं संदेशाचा माणूस लागणार, आणि तो माणूस कोण हे विचारायलाच नको. म्हणजे राहणं इथंच, फाटकासमोर. आणि बाबूला सुट्टीत न्यायचं-आणायचं.

पाक दाऊदनं नीट समजून घेतलं. "म्हणजे तुमच्या सरकारनं हो म्हटलं की माझी मुलगी नांदायला माझ्या डोळ्यांसमोर?"

"आऊ," आबांग म्हणाला. आम्ही 'हो'ला 'आऊ' म्हणतो, त्याची पेनांगच्या लोकांना फार मौज वाटते. कलसोमनं हसू दाबलं.

"मग सरकारला कळवा," पाक दाऊद म्हणाला, "मुलीकडच्यांची हरकत नाही."

बाबूनं आपल्या बोटातली अंगठी काढून कलसोमला घातली. एका वर्षाची मुदत बोलली गेली. सगळ्यांनाच वाटलं, वर्ष म्हणजे पुष्कळ झालं.

वर्ष गेलं. त्या वर्षीच्या बैठकीत आमचा विषय निघाला नाही. दुसऱ्या वर्षी निघाला, पण तेव्हा आमचा कॅप्टन आणि आबांग बाहेर होते, आणि आत काय ठरलं ते कोणी सांगेना. आबांगनं फोन करून कलसोमला कळवलं, पुढच्या वर्षी. पाण्यावरच्या आमच्या वस्तीत अशी गोष्ट लपत नाही. लाकडी पुलावरून एक माणूस चालला तर चार घरांच्या फळ्या वाजतात. शेजारच्या हाजी तुआहची प्रवासी होडी होती. आबांग तीत बसला की तो इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारायचा, "काय रे मेतुसिन, तुझ्या लग्नाची फाईल कुठल्या मंत्र्याकडं अडकली?"

"संरक्षण," आबांग म्हणायचा.

"वरात लढाऊ जहाजातून काढणार का मग?"

सगळी होडी हसायची. आबांगही हसायचा. तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

मधल्या काळात माझा नवरा गेला आणि मी मुलांना घेऊन बाबूकडं परत आले. वस्तीतल्याच शाळेत शिकवायला लागले. आबांगनं माझ्या पोरांना पोहायला शिकवलं, होडी बाहेर काढून डागडुजी केली. पण स्वतःची खोली त्यानं कधी मुलांना दिली नाही. खिडकी नदीवर उघडणारी, घरातली सगळ्यात चांगली खोली. बाबूनं त्या खोलीत एक रुंद खाट आणून ठेवली होती, सून सुट्टीला आली तर असावी म्हणून.

मग एका वर्षी तो घरी आला तो पायऱ्या चढतानाच बोलायला लागला.

"मस्ना, टेबलाशी बसवलं आम्हाला! जेवणाच्या दिवशी. सहावी खुर्ची लावली, समोर आपला छोटा झेंडा. इंग्रज साहेबानं स्वतः खुर्ची ओढून दिली कॅप्टनना."

"आणि तुला?"

"मी कॅप्टनच्या मागं होतो. पण टेबलापाशी."

त्या वर्षी सगळ्यांना वाटलं, झालं. आमच्या कॅप्टनना वाटलं, कलसोमला वाटलं. तिनं दुकानावरची खोली रंगवून घेतली, फिकट हिरवी, आणि फोनवर बाबूला विचारलं की पडद्यांना कुठला रंग शोभेल. बाबूनं पिवळा सांगितला. पाक दाऊदनं जावयासाठी काळ्या मखमलीचा सोंगकोक शिवून ठेवला. माप विचारायची त्याला गरज नव्हती.

पुढच्या वर्षी खुर्च्या परत भिंतीकडं. कोणी काही बोललं नाही, कोणी माफीही मागितली नाही. मागायचं कारणच काय? वचन कोणी दिलं होतं? जेवायला टेबलाशी बसवलं होतं, तेवढंच.

त्या दुपारी महत्त्वाचं बोलणं निघालं, आबांगला बाहेर काढलं, आणि तो रस्ता ओलांडून दुकानात गेला. तिथं काय झालं ते त्यानं मला फार उशिरा सांगितलं, बाबू गेल्यानंतर. कलसोम मशीन थांबवून त्याच्याकडं वळली.

"तुमच्या सरकारला वेळ आहे," ती म्हणाली. "तुम्हालाही आहे असं दिसतं. मला नाही हो आता."

"पुढच्या वर्षी नक्की..."

"पुढचं वर्ष ऐकून ऐकून माझा रंग उडाला भिंतीवरचा. माझं ऐका. तो पट्टा काढा आणि या. सोडा नोकरी. टोप्या शिवायला माझे बापा शिकवतील. चार वाकड्या होतील, पाचवी सरळ येईल."

"आणि बाबू?"

"त्यांना विचारा. मी विचारू?"

आबांग म्हणाला, मी विचारतो.

त्यानं विचारलं, हे मी पाहिलं आहे. बाबू सुक्या मासळीवरच्या माश्या वारत बसली होती. ऐकून तिनं हातातला पंखा खाली ठेवला. मग म्हणाली, "जा. मी काय, माझ्यापाशी मस्ना आहे, तिची पोरं आहेत. जा तू." आणि परत माश्या वारायला लागली. तिच्या तोंडून हे निघणं सोपं नव्हतं. मुलगा डोळ्यांआड जाणार म्हणून ती पुढं आठवडाभर जेवणात मीठ विसरत होती.

पण आबांग गेला नाही. आठवडे गेले, महिने गेले. मी एकदा टोकलं, तेव्हा म्हणाला, "एवढी वर्षं धरून बसलो, मस्ना. आज सोडलं आणि उद्या झालं तर? माझ्याच जागेवर दुसरा कोणी बसेल."

"आणि नाहीच झालं तर?"

"होईल ग. परवा कॅप्टन म्हणत होते."

कॅप्टन तोवर तीनदा बदलले होते. प्रत्येक नवा कॅप्टन तेच म्हणायचा, आणि प्रत्येकाला ते मनापासून वाटायचं.

पुढच्या सरावाहून आला तेव्हा त्यानं कपडे बदलले, खेकड्यांचा फाटलेला पिंजरा घेतला आणि दारात बसून तो विणायला लागला. बाबू चहा घेऊन गेली. "कलसोमचं ठरलं," तो म्हणाला.

"कोणाशी?"

"फेरीबोटीवर इंजिन चालवतो. हाशिम नाव. पहिली बायको गेलीय. चांगला माणूस आहे."

"तुला काय माहीत चांगला आहे?"

"भेटलो. दुकानातच होता. मला चहा पाजला त्यानं."

त्यानं खिशातून अंगठी काढून बाबूच्या हातात दिली. बाबू अंगठी मुठीत धरून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी.

मला वाटलं होतं आता तो सरावाला जाणं बंद करेल. वरिष्ठांना सांगितलं असतं तर कोणीही समजून घेतलं असतं. पण तो जात राहिला. जायच्या आदल्या दिवशी त्याची पेटी भरताना मी एकदा बघितलं, तो ओसरीवर बसून ब्लेडनं पट्ट्याची शिवण उसवत होता.

"चांगली शिवण आहे की. कशाला उसवतोस?"

"सैल झालीय," तो म्हणाला, मान वर न करता.

कलसोम लग्नानंतरही दुकान चालवायची. वर्षातून एकदा पट्टा शिवून घ्यायला कोणाची हरकत असणार? तिला मुलगी झाली ते, पाक दाऊद वारला ते, आम्हाला त्या शिवणीमुळंच कळलं.

बाबू गेली. आबांग निवृत्त झाला. हाजी तुआह थकला, तरी ओसरीवरून हाक मारून विचारायचा, "काय, घेतलं का रे त्या पाचांनी?" आबांग म्हणायचा, "विचार चालू आहे." आता त्यात टोमणा उरला नव्हता. दोन म्हातारी माणसं हवापाण्याचं बोलतात तसं ते बोलत.

गेल्या वर्षी फोन आला. कलसोम, तिचा नवरा आणि मुलगी सहलीच्या गटाबरोबर ब्रुनेईला येणार होती, एक दुपार मोकळी होती. "येऊ का?" तिनं मला विचारलं. आबांगशी बोलायचं म्हणाली नाही.

मी अंबुयात केलं, साबुदाण्याच्या झाडाच्या पिठाची ती चिकट खळ आणि बरोबर आंबट चटणी, धुरातली मासळी, भात. आबांगनं पुलाच्या दोन सैल फळ्या ठोकून घट्ट केल्या. हाशिम गुडघ्यानं अधू होता, तो होडीतून उतरताना आबांगनं त्याला दोन्ही हातांनी धरून वर घेतलं. हाशिम बोलका निघाला. दोघं दहा मिनिटांत इंजिनांवर घसरले. डिझेल, पंखे, गाळ. कलसोमचे केस रुमालाखाली पांढरे झालेले दिसत होते. तिनं बांबूच्या चिमट्यावर अंबुयात गुंडाळून तोंडात घातलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"चावायचं नाही, गिळायचं," आबांग म्हणाला.

"हे आधी सांगायचं असतं," ती म्हणाली, आणि सगळे हसले. तिची मुलगी तर ठसका लागेपर्यंत.

हात धुवायला म्हणून ती माझ्यामागं आत आली. नळ बंद केला आणि रुमालाच्या टोकाला हात पुसता पुसता हळूच म्हणाली, "कुठली खोली?"

मला कुठली म्हणून विचारावं लागलं नाही. मी दार ढकललं. ती उंबऱ्यात उभी राहिली. रुंद खाट, तिच्यावर आबांगची एकच उशी, उघडी खिडकी, खाली भरतीचं पाणी. ती वर बघत होती.

"हे छतावर काय हलतंय?"

"पाण्यावरचं ऊन आहे. खालून वर येतं."

"दिवसभर?"

"ऊन असेल तोवर."

ती बघत राहिली. बाहेर हाशिमचा मोठा आवाज येत होता, आणि अधूनमधून आबांगचं 'आऊ'. "त्यांनी मला या घराचं सगळं सांगितलं होतं," ती म्हणाली. "किती खांब, कुठल्या खांबाला होडी, बाबू कुठं बसतात. हे कधी सांगितलं नाही."

"त्याला सवयीचं आहे. दिसत नसेल."

"मी आले असते हो," कलसोम म्हणाली. "बापाला घेऊन आले असते. मला कोणी बोलावलंच नाही, सगळे तिकडं यायचंच बोलत राहिले."

मग तिनं रुमाल नीट केला आणि बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, चला, गटाची गाडी चुकेल.

होडी गेल्यावर आबांग धक्क्यावरून परत आला. भांडी मी आवरत होते. तो माझ्यापाशी बसला आणि उरलेली मासळी एका ताटलीत काढायला लागला.

"आत काय म्हणत होती?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, शब्दही न गाळता. त्यानं ऐकून घेतलं. ताटलीवर झाकण ठेवलं.

"मला सुचलंच नाही ग," तो म्हणाला. "इकडं ये म्हणायचं सुचलंच नाही."

"तिलाही नाही सुचलं."

"तिचं काम नव्हतं ते."

दिवसा झोप त्याला अजूनही येत नाही, पण हल्ली दुपारी तो खिडकी उघडी टाकून खाटेवर पडतो, एका कडेला, आणि छताकडं बघत असतो. मी चहाला हाक मारली तर ओ देतो, पण लगेच उठत नाही.